घर लेंगेहमध्ये नव्हतं

तन्वी आणि ईशान,

गेल्या सहा वर्षांत मी तुम्हाला मेलबर्नला टाइप करून पाठवलेल्या पानांपैकी ‘लेंगेहचं घर’ या मथळ्याची अकरा पानं चुकीची आहेत. ती फाडू नका. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘चूक’ असं लिहा आणि सोबतची पानं त्यांच्यामागे लावा. तुमची आई वाचून दाखवेल. घाईत वाचू नकोस असं तिला माझ्यातर्फे सांगा.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की इथे दुबईत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शरीफाआजी गेल्या मंगळवारी वारल्या. ते घर मला त्यांनीच सांगितलं होतं. ईशान, तू एकदा फोनवर विचारलं होतंस, “आजी, बट वॉज इट अ रियल हाउस?” आणि मी तुला जरा फटकारलंच होतं की आजी खोटं लिहून पाठवत नाही. त्या उत्तरासाठी मी तुझी माफी मागते.

चूक कशी झाली ते तुम्हाला कळायला हवं, पण ते मी शरीफाशी बोलत लिहिणार आहे. तुमच्यावर रागवायचं मला काही कारण नाही, आणि राग न दाखवता हे मला लिहिता येत नाही.

*

शरीफा, तू मंगळवारी सकाळी गेलीस आणि मला ते दुपारी दीड वाजता कळलं. मी करामाहून भाजी घेऊन आले, लिफ्टच्या दारात मोईदू उभा होता. इतकी वर्षं आपल्या इमारतीचा वॉचमन, पण बातमी सांगायची रीत त्याला कधी जमली नाही. म्हणाला, “अम्मा, सामनेवाला बीबी खलास हो गया. ले के भी गया.” तोवर तुला पुरून झालं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत हे मला माहीत आहे. बायका कब्रस्तानात जात नाहीत हेही माहीत आहे. तरी माझं दार तुझ्या दारापासून नऊ पावलांवर आहे आणि ते वाजवायला कोणालाही सुचलं नाही. मी हातात मेथीची जुडी धरून तुझ्या बंद दारासमोर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा काय आलं असेल तर संताप. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. माझी बाजू मांडून झालेली नव्हती. तुझीही नव्हती, आणि ती मांडायची तुझी पाळी होती.

आपण भेटलो ते ब्याण्णव साली. आमच्या मेधाचं लग्न होऊन ती परदेशी गेली, आम्ही देऱ्याचा मोठा फ्लॅट सोडून बर दुबईत आलो. यांच्या पोहे-भाजणीच्या धंद्याचं गोदाम जबल अलीला हललं होतं, हे दिवसभर तिकडे. मी शाळेच्या लायब्ररीतून तीनला घरी. तू चौथ्या दिवशी दार वाजवलंस आणि मुंबईच्या हिंदीत विचारलंस, “आप लोग बम्बई का है क्या? बम्बई में मेरा चार महीना गया.” का गेला ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटलं, सगळे अरब खरेदीला जातात तशी गेली असेल.

मला तू ‘मास्टरनी’ म्हणायचीस. मी म्हटलं, मी मास्तरीण नाही, लायब्रेरियन आहे. तू म्हणालीस, “किताब संभालती हो ना? तो मेरा भी संभालो.” तिथून तुझ्या घराच्या आठवणी लिहायचं रजिस्टर सुरू झालं.

तुझ्याकडून शिकले त्याचं ऋण मी नाकारत नाही. रागातसुद्धा हिशेब सरळ ठेवायची मला सवय आहे. इराणच्या किनाऱ्यावर, इथून थेट समोर, लेंगेह नावाचं बंदर आहे आणि एके काळी या आखातातले मोती तिथे जमा होऊन मुंबईला जायचे, हे मला तुझ्याकडून कळलं. इंग्रजी शाळेत शिकले, लिव्हरपूलची गोदी मला नकाशावर दाखवता आली असती, पण लेंगेह हे नाव माझ्या कानावर आलेलं नव्हतं. तिथे कच्छचे आणि सिंधचे हिंदू व्यापारी राहायचे, मोत्यांना चाळणी लावून प्रती ठरवायचे. तिथला कारभार बराच काळ या किनाऱ्यावरच्या अरब घराण्याच्या हातात होता. मग इराणच्या सरकारने तो काढून घेतला, पुढे जकातीची नवी व्यवस्था आली, प्रत्येक पोत्यावर शिक्का आणि प्रत्येक शिक्क्यासाठी खेटे. समोर दुबईच्या शेखांनी सांगितलं, इथे या, जकात नाही, खाडीकाठी जागा घ्या. लेंगेहचे आणि आतल्या बस्तक गावचे व्यापारी गलबतं भरून आले. त्या गावावरून वस्तीचं नाव पडलं बस्तकिया. तुझा आजा त्यांतला; तुझं लहानपण मात्र मागे ठेवलेल्या लेंगेहच्या घरात गेलं, असं तू सांगायचीस. “हमारा शहर उधर से उठा और इधर बैठ गया,” असं तू म्हणायचीस आणि रिकामा कप बशीसकट टेबलाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सरकवायचीस.

त्या सगळ्याची मी ग्रंथालयात मिळाली तेवढी पुस्तकं काढून पडताळणी केली. सगळं खरं निघालं. म्हणून मी घराचीही पडताळणी झाली असं धरून चालले. ही माझी चूक. दहा गोष्टी खऱ्या सांगणाऱ्या माणसाची अकरावी मी तपासली नाही.

घर तू मला तीन हिवाळे सांगत होतीस. आधी बसून सांगायचीस, पण बसून तुला मापं आठवायची नाहीत. “चल के याद आता है,” म्हणालीस, आणि आमच्या दिवाणखान्यात डोळे मिटून चालायला लागलीस. सोफ्याला गुडघा आपटला. मग आपण गच्चीवर गेलो. मी शाळेतून खडूची पेटी आणली होती. तू डोळे मिटून चालायचीस, मोठ्याने पावलं मोजायचीस, मी तुझ्यामागे वाकून रेघ मारत यायचे. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका पाण्याच्या टाक्यांमधून अशा चालतात हे बघून मोईदूने यांच्याकडे तक्रार केली. “सेठ, ऊपर दोनों अम्मा पूरा छत खराब करता है.” हे संध्याकाळी वर आले, माझ्या हातातला खडू बघितला आणि म्हणाले, “लंगडी खेळताय का?” तू त्यांना ओरडलीस, “सेठ, जूता निकालो, तुम हमारे मजलिस में खड़ा है.” यांनी खरंच चपला काढल्या.

त्या गच्चीवर ते घर पूर्ण मापात उभं राहिलं. उभं म्हणजे आडवं. चौक, चौकात बोरीचं झाड, मजलिस म्हणजे पाहुण्यांची खोली, स्वयंपाकघर, तिथून बर्जीलच्या खोलीपर्यंत बावीस पावलं. बर्जील म्हणजे घरावरचा चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उघडा, कुठूनही आलेला वारा धरून खालच्या खोलीत सोडणारा. थंडीत त्याची खालची तोंडं फळ्यांनी बंद करायची आणि मार्चमध्ये फळ्या काढायच्या त्या दिवशी पहिला वारा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने घ्यायचा, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, ही तुमच्या घरची रीत. सगळ्या खोल्या रुंदीला सारख्या का, असं मी विचारलं. तू हसलीस. छताला चंदलचे वासे, ते आफ्रिकेच्या दलदलीतून यायचे, आणि वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. श्रीमंत माणूस खोली लांब करू शकायचा, रुंद नाही. दारं मात्र आमच्या मलबारच्या सागाची.

आणि तू म्हणालीस, गच्चीवर पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य उजव्या हाताला उगवायचा आणि तुझी आई त्या बाजूला वाळत घातलेले कपडे आधी काढायची. मी ते लिहून घेतलं. मी ते नातवंडांना लिहून पाठवलं. चित्र काढलं, उजव्या कोपऱ्यात सूर्य. तन्वीने तो पिवळ्या रंगाने रंगवून त्याची फोटोकॉपी मला परत पाठवली.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी विचारलं होतं, घराचं ठिकाण? तू म्हणालीस, “लेंगेह.” त्या जागी तुझी सहीसुद्धा आहे, कारण मी प्रत्येक पानावर तुझी सही घ्यायचे. तू ती मोठ्या ऐटीत करायचीस.

मागच्या नोव्हेंबरात यांना पिस्ते आणि केशराच्या कामासाठी लेंगेहला जायचं निघालं. मी म्हटलं, मी येते, शरीफालाही घेऊ. तू म्हणालीस, गुडघे. मग म्हणालीस, समुद्र लागतो. मग म्हणालीस, “क्या करेगी जा के? सब टूट गया होगा.” मला तेव्हाच कळायला हवं होतं. आपलं जन्मघर बघायला जाणाऱ्या माणसाजवळ निदान एखादा निरोप तरी देतात, उंबऱ्याला हात लाव म्हणतात. तू मला फक्त म्हणालीस, स्वेटर ने.

शारजाहून लाँचने गेलो. लेंगेह लांबून सपाट आणि पिवळसर दिसतं, मागे उघडे डोंगर. एके काळी इथे आखातातला निम्मा बाजार भरायचा यावर विश्वास बसत नाही. पण मी यादी घेऊन गेले होते आणि यादीतलं बरंच काही सापडलं. जुनी मशीद आहे, तिचा नक्षीचा मिनार गावाच्या अर्ध्या भागातून दिसतो. पाण्याचे हौद आहेत, मोठे गोल, वर घुमट, पावसाचं पाणी साठवायचे. प्रत्येक कोणीतरी पुण्यासाठी बांधलेला आणि बांधणाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा. एका मोत्याच्या व्यापाऱ्याचा मोडका वाडा आहे, गिलाव्यात कोरलेली फुलं अजून स्वच्छ दिसतात. शेजारच्या कोंग गावात बर्जील आहेत आणि किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधणारे अजून आहेत. तू सांगितलेलं सगळं होतं, तुझं घर सोडून.

दोन दिवस मी हातात आराखडा घेऊन गल्ल्या फिरले. हे पिस्त्यांचं काम उरकून माझ्यामागे. कोंगमध्ये एक म्हातारा गवंडी बर्जीलला जिप्समचा गिलावा करत होता. उस्ता करीम. तरुणपणी वीस वर्षं दुबईत कामाला होता, त्यामुळे हिंदी उत्तम. मी आराखडा दाखवला. त्याने हात पुसले, कागद उन्हात धरला, कौतुकाने मान हलवली. मग मला घेऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

“बाई, आज सूरज किधर से निकला?”

मी डावीकडे हात केला.

“और इस काग़ज़ में?”

मी कागदाकडे बघितलं. उजवीकडे. माझ्याच हाताने काढलेला, किरणांसकट.

“इधर समुंदर दक्खिन में है,” तो म्हणाला. “जिस घर से सूरज सीधे हाथ को दिखे, वो घर उस पार का है. दुबई का. खोर के किनारे का.” खोर म्हणजे खाडी. त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला. “नक़्शा सही है, बाई. शहर ग़लत है.”

यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “अगं, इतकी वर्षं तू काय लिहीत होतीस?” लाँचवर परत येताना ते पिस्त्यांची पिशवी चाचपत म्हणाले, “पिस्ते मात्र चांगले मिळाले.” मी हसले नाही.

आखातात इतकी वर्षं काढून, रोज खाडी उत्तरेला बघून, मला तो सूर्य खटकला नाही. आणि तू आपल्या गच्चीवर घर आखलंस ते खाडी जिकडे आहे तिकडेच तोंड करून. मी त्याला योगायोग म्हटलं होतं. तू डोळे मिटून चालायचीस, पण तुझ्या पायांना दिशा माहीत होती, कारण ते घर आपल्या गच्चीवरून चालत दहा मिनिटांवर होतं. लाज वाटते मला हे लिहिताना.

परत आले त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आले. सामानसुद्धा उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, “शरीफा, वो घर लेंगेह में नहीं है.”

तू टीव्हीचा आवाज कमी केलास. “नहीं है,” म्हणालीस, जणू मी घड्याळात किती वाजले ते सांगितलं होतं.

“दुबई में था?”

“था.”

“तो तूने मुझे झूठ क्यों लिखवाया? तेरी सही है उसपे.”

“दुबई का बोलती तो तुम बोलती, चलो दिखाओ. रजिस्टर ले के खड़ी हो जाती. मैं क्या दिखाती? गाड़ी खड़ा करने का जगह?”

मला तेव्हा कळलं की आपण भेटायच्या आधी बस्तकियाचा जो अर्धा भाग पाडून मोकळा केला त्यात ते घर गेलं. मला कळलं आणि तरी माझा राग कमी झाला नाही, हे मी इथे नोंदवते. मी म्हटलं, मी मुलांना पाठवलंय. टाइप करून. ती मुलं त्यावर विश्वास ठेवून बसली आहेत.

“बच्चों को क्या फ़र्क़ पड़ता है, सूरज इस हाथ कि उस हाथ?”

“पडतो,” मी मराठीतच म्हटलं.

“तो फिर से टाइप करो, मास्टरनी. तुमको तो शौक़ है.”

मी उठले आणि निघाले. दार आपटलं नाही, ते मी कधी करत नाही, ओढून लावलं.

आठवड्याने तू रंगीनक पाठवलंस. खजुरात अक्रोड भरून वर भाजलेलं पीठ ओतलेलं, आम्हाला चालतं म्हणून तू मुद्दाम तेच करायचीस. मोईदूच्या हातून पाठवलंस, स्वतः आली नाहीस. दहा वर्षांत तुझी ताटली माझ्याकडून रिकामी कधी गेली नव्हती. चकल्या, करंज्या, काही नसलं तर निदान साखर. तुमच्यात आणि आमच्यात ही रीत एकच आहे, त्यावर आपण हसलोही होतो. या वेळी मी ती ताटली घासली, पुसली आणि रिकामी परत पाठवली. मला काय म्हणायचंय ते तुला अचूक कळेल हे मला माहीत होतं. तू त्यानंतर काही पाठवलं नाहीस. मी रोज दुपारी तुझ्या दाराचा आवाज ऐकायचे आणि कानकोंडी होऊन स्वयंपाकघरात जायचे. असे अडीच महिने. आणि मग मंगळवार.

तुझ्यावर एवढाच राग असता तर तो मी आवरला असता.

गुरुवारी तुझ्या भावाच्या जुमेराच्या बंगल्यात बायकांचं दुखवट्याचं बसणं होतं. मी गेले. कोणी ओळखीचं नव्हतं. एक बाई सगळ्यांना कॉफी देत होती, ती तुझी वहिनी नूरा. मी कोण ते सांगितल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. “आप वो लायब्ररी वाली? आपा आपका बहुत बोलती थी. बोलती थी, मेरा घर उसके पास है.”

मी विचारलं, ते घर पाडलं तेव्हा शरीफा कुठे होती?

नूराने इकडेतिकडे बघितलं. “बम्बई. अम्मी का ऑपरेशन था ना, आपा साथ में गई थी. चार महीना. इधर भाई लोग ने साइन कर दिया. फ़ोन पे किसी ने बताया नहीं, अम्मी बीमार थी करके. एयरपोर्ट से सीधा नए बंगले में ले आए.”

“फिर?”

“फिर अम्मी रोज़ बोलती थी, घर चलो. रोज़. उनका दिमाग़ भी थोड़ा...” तिने हात हलवला. “तो आपा बोलती थी, अम्मी, घर तो लेंगेह में है. समुंदर शांत होने दो, फिर चलेंगे. अम्मी मान जाती थी. दो साल ऐसे ही निकाला. अम्मी के बाद भी आपा वैसा ही बोलती रही. हम लोग कुछ बोलते नहीं थे.”

तिने मला कॉफी ओतली. मी ती प्यायले, कप हलवून ‘पुरे’ म्हणायची खूण केली, उठले. दारात तुझा थोरला भाऊ उभा होता, पाहुण्यांना निरोप देत. अतिशय नम्र माणूस. त्याने छातीवर हात ठेवला. मी त्याला सांगायला हवं होतं की तुमच्या बहिणीला त्या घराचं पाऊल न् पाऊल पाठ होतं आणि तुम्ही तिला एका फोनच्याही लायकीचं समजला नाहीत. मी म्हणाले, “सॉरी फॉर युअर लॉस.” शाळेत शिकवलेलं इंग्रजी अशा वेळी बरोबर कामाला येतं आणि त्याबद्दल मला माझाही राग येतो.

पण शरीफा, मला हे नूराने का सांगावं? तू दहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसलीस. माझा गुडघा सुजला तेव्हा तू मीठ गरम करून शेकलास. मेधाच्या पहिल्या बाळंतपणात मला व्हिसा मिळाला नाही तेव्हा मी तुझ्यासमोर रडले, यांच्यासमोरही नाही. मी काय लपवलं तुझ्यापासून? आणि तू मला एक वाक्य सांगू शकली नाहीस, की आईची समजूत घालायला मी घर त्या किनाऱ्यावर नेलं आणि मग मला ते परत आणता आलं नाही. एवढंच वाक्य. मी ते लिहूनसुद्धा घेतलं नसतं. मी पेन खाली ठेवलं असतं.

की तुला हे ठाऊक होतं की मी ठेवलं नसतं? मी लगेच विचारलं असतं, कोणत्या साली, सही कोणाची, गल्ली कोणती. तू मला माझ्यापेक्षा चांगली ओळखत होतीस, हे शक्य आहे. तरीही.

परवा मी बस्तकियात गेले. उरलेल्या घरांची डागडुजी चालू आहे, काही घरं तर इतकी गुळगुळीत केली आहेत की त्यांत कोणी राहिलं असेल असं वाटत नाही. एका घरात चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथल्या मुलीने मला छापील माहितीपत्रक दिलं, त्यात बर्जीलचं वर्णन होतं, वारा कसा येतो वगैरे. मार्चमध्ये पहिला वारा कोणी घ्यायचा ते त्यात नव्हतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “हाउ स्वीट.” मी निघाले आणि वस्ती संपते तिथे पोचले. तिथून तुझ्या पावलांनी मोजत जायचा मी प्रयत्न केला. गल्ली माहीत नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करायची ते कळेना. गाड्या उभ्या होत्या. एका माणसाने काच खाली करून विचारलं, “जगह खाली कर रही हैं क्या?” मी म्हटलं नाही.

गल्लीचं नाव तुलाच विचारायला हवं होतं. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी, उठून जाण्याऐवजी, मला खुर्चीत बसून एवढंच विचारायचं होतं: बरं, मग नीट सांग, कुठे होतं. तू ‘फिर से टाइप करो’ म्हणालीस ते टोमणा म्हणून मी घेतलं. आता वाटतं, ते तू खरंच सांगत होतीस. टोमणाही असेल. तुझं दोन्ही एकाच वेळी चालायचं.

मी पुन्हा टाइप केलं आहे. अकरा पानांची नऊ झाली, कारण लेंगेहच्या गल्ल्यांचं वर्णन मी गाळलं. तुझ्या आईचं ‘घर चलो’ हे वाक्य घातलं आहे, ते सांगणाऱ्या नूराच्या नावासह. तुझ्या भावांची नावं घातलेली नाहीत. ती मला लिहावीशी वाटत नाहीत.

काय उरलं आहे ते मुलांसाठी एकत्र लिहिते. लेंगेहमध्ये जुनी मशीद आणि तिचा मिनार उभा आहे. घुमटांचे हौद आहेत; त्यांतल्या एकात मी वाकून बघितलं तेव्हा पाणी होतं. मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या वाड्याच्या तीन भिंती आहेत. कोंगमध्ये बर्जील आहेत आणि ते दुरुस्त करणारा निदान एक गवंडी आहे. दुबईत खाडीच्या काठी बस्तकियाचा पाण्याकडचा भाग शिल्लक आहे. शरीफाच्या घराचा दगड, दार, वासा काहीही शिल्लक नाही. त्याचा एक आराखडा आहे, पावलांत मोजलेला, दोन प्रतींत. एक माझ्या कपाटात आहे आणि एक या पाकिटात. ठिकाणाच्या रकान्यात मी लेंगेह खोडून दुबई लिहिलं आहे. गल्लीचा रकाना रिकामा आहे.